उजनी ‘मायनस’मध्ये जाते तेव्हा शेतकऱ्याचे काय होते आणि मासेमाराचे काय?

उन्हाळा चढू लागला की सोलापूर आणि पुणे जिल्ह्यांतील वर्तमानपत्रांत एक मथळा हमखास येतो: ‘उजनी धरण मायनसमध्ये’. पावसाळ्यात त्याच धरणाचा साठा १०० टक्क्यांच्याही वर गेल्याच्या बातम्या येतात. पाणी शून्याच्या खाली कसे जाते आणि शंभराच्या वर कसे चढते, हा प्रश्न धरणापासून दूर राहणाऱ्या वाचकाला पडणे स्वाभाविक आहे. त्याहून महत्त्वाचा प्रश्न मात्र फारसा विचारला जात नाही. पातळी मीटरभर उतरली किंवा चढली, तर त्याचा परिणाम काठावरच्या सगळ्यांवर सारखाच होतो का? तो तसा होत नाही. एकाच आठवड्यात, एकाच गावात, त्याच उतरत्या पाण्यामुळे एकाला पेरणीसाठी जमीन मिळते आणि शेजाऱ्याची जाळी कोरडी पडतात. हे का घडते, ते समजून घेण्यासाठी आधी आकड्यांकडे पाहिले पाहिजे.

उणे टक्के म्हणजे धरण रिकामे नव्हे

धरणातील पाणी आपल्याकडे टीएमसीमध्ये मोजतात. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, लिटरमध्ये सांगायचे तर सुमारे २,८३२ कोटी लिटर. उजनीत पूर्ण भरल्यावर सुमारे ११७ टीएमसी पाणी असते आणि त्याचे दोन भाग केलेले आहेत. वरच्या भागाला उपयुक्त साठा म्हणतात. सिंचनाचे नियोजन या पाण्यावर होते आणि तो सुमारे साडेत्रेपन्न टीएमसी आहे. खालच्या भागाला मृतसाठा म्हणतात. नेहमीच्या वापरासाठी तो हिशेबात धरलेला नसतो. उजनीचे वेगळेपण असे की तिचा मृतसाठा उपयुक्त साठ्यापेक्षा मोठा आहे, सुमारे ६३.६६ टीएमसी.

बातमीतील टक्केवारी फक्त उपयुक्त साठ्याची असते. तो संपला की शून्य टक्के होतात, आणि त्याखालचे पाणी वापरायला सुरुवात झाली की आकडा उणे होतो. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी उणे ६० टक्क्यांच्या आसपास गेली होती. याचा अर्थ साडेत्रेपन्न टीएमसीच्या साठ टक्के, म्हणजे सुमारे ३२ टीएमसी, मृतसाठ्यातून कमी झाले होते आणि तरीही जलाशयात साधारण साडेएकतीस टीएमसी पाणी शिल्लक होते. महाराष्ट्रातील कितीतरी धरणे तुडुंब भरली तरी एवढे पाणी साठवत नाहीत. उलट, पावसाळ्याच्या शेवटी पूर्ण पातळीच्याही थोडे वर पाणी अडवतात, तेव्हा टक्केवारी १११ पर्यंत जाते.

त्यामुळे ‘उणे’ हा शब्द जितका भयंकर वाटतो, तितका तो नसतो. पण त्यात दिलासा मानण्यासारखेही फार काही नाही, कारण शेतकरी आणि मासेमार या दोघांचेही नशीब टक्केवारीवर ठरत नाही. काठ किती लांब गेला, पाणी किती खोल उरले आणि ते किती वेगाने उतरले, यावर ते ठरते.

पसरट जलाशयाची भूमिती

भीमेवरील हे धरण १९८० मध्ये पूर्ण झाले आणि त्याच्या जलाशयाला यशवंतसागर असे नाव आहे. भिंत सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात आहे, पण मागे फुगलेले पाणी, ज्याला स्थानिक लोक सरळ ‘बॅकवॉटर’ म्हणतात, ते करमाळा, इंदापूर, दौंड आणि अहिल्यानगर जिल्ह्यातील कर्जत तालुक्यापर्यंत पसरते. प्रदेश सपाट असल्याने हा जलाशय खोल घागरीसारखा नाही, परातीसारखा आहे.

पूर्ण पातळी समुद्रसपाटीपासून ४९६.८३ मीटरवर आणि मृतसाठ्याची पातळी ४९१.०३ मीटरवर आहे. म्हणजे १०० टक्क्यांपासून शून्यापर्यंतचा सगळा प्रवास अवघ्या ५.८ मीटरच्या उंचीत होतो, आणि तेवढ्यात साडेत्रेपन्न टीएमसी पाणी मावते. भागाकार केला तर या पट्ट्यातील पाण्याचा सरासरी विस्तार सुमारे २६० चौरस किलोमीटर येतो, आणि एक मीटर पातळी म्हणजे ढोबळमानाने नऊ टीएमसी असे गणित बसते.

आता काठाचा विचार करू. जिथे जमीन शंभर मीटर चालल्यावर एक मीटर उतरते, तिथे पातळी एक मीटर घटली की पाणी शंभर मीटर मागे जाते. उतार याहून सौम्य असेल तर आणखी दूर जाते. धरणाच्या भिंतीवरील मोजपट्टीवर जो बदल किरकोळ दिसतो, तो गावाच्या काठावर एखाद्या शिवाराएवढा असतो. पाणी फारच खाली गेले की पळसदेवचे जुने पळसनाथाचे मंदिर उघडे पडते आणि लोक ते पाहायला गर्दी करतात. ते मंदिर पाहताना आजूबाजूची जी मैलोगणती भेगाळलेली किंवा हिरवीगार जमीन दिसते, तिथेच हा सगळा विषय आहे.

शेतकरी एक नाही, किमान तीन आहेत

‘पाणी घटले की शेतकऱ्याचे नुकसान’ हे वाक्य अर्धेच खरे आहे, कारण उजनीवर अवलंबून असणारे शेतकरी एकाच बाजूला उभे नाहीत.

धरणाच्या खाली, कालव्यांवर आणि भीमेच्या काठावर, माढा, मोहोळ, पंढरपूर, मंगळवेढा या भागांत जो शेतकरी आहे, त्याच्यासाठी जलाशयाची पातळी उतरणे म्हणजे त्याला पाणी मिळणे होय. कालव्यातून ठरावीक दिवस पाणी सोडण्याच्या एका फेरीला आवर्तन म्हणतात. रब्बीचे आवर्तन सुटले की त्याची ज्वारी, गहू, ऊस, डाळिंब तगते. धरणात साठून राहिलेल्या पाण्याचा त्याला काहीच उपयोग नसतो.

दुसरा शेतकरी बॅकवॉटरच्या काठावरचा, मोटारीने पाणी उचलणारा. त्यांच्यापैकी अनेकांच्या कुटुंबांच्या जमिनी या धरणात गेल्या आहेत, आणि उरलेल्या किंवा नंतर घेतलेल्या जमिनीवर त्यांनी ऊस आणि केळी उभी केली आहे. पाणी मागे सरकले की त्याला मोटार, पाइप आणि केबल घेऊन पाण्याच्या मागे जावे लागते. पाइप आणखी वाढवणे परवडेनासे झाले की गाळातून चारी खोदून पाणी मोटारीपर्यंत आणावे लागते. चारी गाळाने भरते, केबल चोरीला जाते, लांबच्या अंतरामुळे मोटारीवर ताण येतो. या शेतकऱ्याला पाण्याचा तुटवडा जाणवण्याआधी अंतराचा खर्च जाणवतो. जलाशयात तीस टीएमसी पाणी डोळ्यांसमोर असूनही त्याचा ऊस वाळू शकतो, हे बाहेरच्या माणसाला खरे वाटत नाही. त्याच वेळी खालच्या शेतकऱ्यासाठी आवर्तन सोडले गेले की या दोघांत भांडण का पेटते, हे यावरून समजेल. दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात, म्हणून ते भांडण दरवर्षी नव्याने होते.

तिसरा शेतकरी मात्र पाणी उतरण्याची वाट पाहतो. पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या बुडीत जमिनीत केलेल्या पेरणीला गाळपेर म्हणतात. ही जमीन शासनाची असते आणि हंगामापुरती भाडेपट्ट्याने दिली जाते; ती देताना प्रकल्पग्रस्तांना प्राधान्य असते. वर्षानुवर्षे साचलेल्या गाळामुळे ती सुपीक असते, आणि ओल इतकी टिकून असते की हरभरा, ज्वारी, मका, कडवळ यांसारखी पिके थोड्या पाण्यावर येतात. दुष्काळात शासनाने अशा जमिनी चारा पिकांसाठी नाममात्र भाड्याने दिल्या आहेत. पाणी ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून हळूहळू उतरत गेले, तर हा शेतकरी पट्ट्यापट्ट्याने पेरत खाली जातो. पाणी उशिरापर्यंत तुंबून राहिले, तर त्याची रब्बीची वेळ निघून जाते. ज्या वर्षी धरण उत्तम भरल्याच्या आनंदात सगळा जिल्हा असतो, त्या वर्षी याच्या वाट्याला जमीन कमी येते.

मासा पाण्याकडे कसा पाहतो

मासेमाराचा हिशेब समजण्यासाठी माशाचा हिशेब समजून घ्यावा लागतो. उजनीत भोई आणि कोळी समाजातील अनेक कुटुंबे, तसेच धरणग्रस्तांपैकी काही जण, होडीतून जाळी टाकून जगतात. त्यांशिवाय काठावर गळ टाकून बसणारे आहेत, काही पोटासाठी आणि काही हौसेसाठी. भिगवण आणि इंदापूरच्या मासळी बाजारात या जलाशयाचा मासा येतो.

कटला, रोहू आणि मृगळ हे मोठे, चांगला भाव मिळणारे मासे साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत. त्यांना पावसाळ्यातील चढते, वाहते पाणी लागते. नदीला पूर आला की ते प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने वर जातात आणि उथळ, नव्याने बुडालेल्या भागात त्यांची वीण होते. अंड्यांतून निघालेल्या पिल्लांना लपायला गवत आणि खायला सूक्ष्म जीव लागतात, आणि हे दोन्ही नुकत्याच पाण्याखाली गेलेल्या काठावर भरपूर असते. पुराचे पाणी आले नाही, किंवा येऊन लगेच उतरले, तर त्या वर्षीची पिढीच कमी होते. तो फटका त्याच वर्षी दिसत नाही. मासा विक्रीयोग्य होण्याच्या वेळी, पुढच्या एक-दोन वर्षांत, तो जाळ्यात दिसतो.

चिलापीचे तसे नाही. हा परदेशातून आलेला मासा वर्षातून अनेकदा वीण करतो आणि मादी अंडी व नवजात पिल्ले तोंडात सांभाळते, त्यामुळे पाणी उतरले तर ती पिल्लांसह खोल भागात निघून जाते. खराब पाणीही तो बराच सोसतो. उजनीत पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठा, इंद्रायणी आणि भीमा या नद्यांतून येते, आणि पातळीही दरवर्षी मोठ्या फरकाने खालीवर होते. अशा ठिकाणी चिलापीची सरशी झाली यात आश्चर्य नाही. मासेमाराच्या होडीत मासळीचे वजन दिसते, पण त्यात कटल्याचा भाव नसतो.

‘पाणी आटले की मासे जास्त सापडतात, मग तक्रार कसली?’

हा आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो अगदीच चुकीचा नाही. पाणी कमी झाले की तेवढेच मासे कमी जागेत गोळा होतात आणि काही आठवडे जाळी भरभरून येतात. पण हे उत्पन्न नव्हे, पुढच्या वर्षीच्या भांडवलातून काढलेली रक्कम आहे. आटलेल्या पाण्यातच लहान आसाची जाळी सर्वाधिक नुकसान करतात. आस म्हणजे जाळ्याच्या छिद्राचा आकार. तो बारीक असला की बोटाएवढी पिल्लेही सुटत नाहीत. उजनीत ‘वडाप’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अशा जाळ्यांविरुद्ध स्वतः मासेमारांनीच वेळोवेळी तक्रारी केल्या आहेत, कारण अशा जाळ्यात सापडलेले पिल्लू मोठे होऊन दुसऱ्याच्याही जाळ्यात यायचे असते.

दुसरी अडचण श्वासाची आहे. सांडपाण्यातील पोषक द्रव्यांमुळे उन्हाळ्यात पाण्यावर हिरवे शेवाळ माजते. दिवसा ते प्राणवायू सोडते, पण रात्री स्वतःच वापरते, आणि पहाटे पाण्यातील विरघळलेला प्राणवायू सर्वांत कमी असतो. पाणी भरपूर असले तर ही घट निभावून जाते. उथळ, तापलेल्या आणि घाण दाटलेल्या पाण्यात ती निभावत नाही, आणि मासे पहाटे पृष्ठभागावर तोंड काढू लागतात किंवा मरतात.

शिवाय भरभरून आलेली मासळी सगळ्यांकडे एकाच वेळी येते, त्यामुळे बाजारात भाव उतरतो. मासा साठवून ठेवायला बर्फ लागतो, आणि मे महिन्यातील बर्फाचा खर्च वेगळा.

बुडालेले शेत हे माशाचे कुरण असते

दोघांचे हित एकमेकांविरुद्ध कसे जाते, ते पातळी वाढताना सर्वांत स्पष्ट दिसते. उजनीच्या परिसरात पाऊस बेताचाच असतो. धरण भरते ते पुणे जिल्ह्यातील घाटमाथ्यावरच्या पावसाने आणि तिथल्या धरणांतून सुटलेल्या पाण्याने. म्हणून पावसाळ्यात या भागातील प्रत्येकाचे लक्ष दौंडच्या विसर्गाकडे, म्हणजे दौंडजवळ नदीतून उजनीकडे येणाऱ्या प्रवाहाकडे, लागलेले असते. विसर्ग क्यूसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला किती घनफूट, असा सांगतात. साडेअकरा हजार क्यूसेकचा प्रवाह चोवीस तास चालला की एक टीएमसी पाणी होते. दौंडला एक लाख क्यूसेक असतील, तर दिवसात साडेआठ टीएमसीहून अधिक पाणी येते आणि पातळी जवळपास एक मीटर चढते.

गाळपेरातील उशिराचे पीक उभे असेल तर ते एका रात्रीत जाते. काठावरची मोटार वेळेवर वर ओढली नाही तर तीही जाते. २०२५ मध्ये मे महिन्यातच जोरदार पाऊस झाला आणि पावसाळा सुरू होण्याआधीच पाणी चढू लागले. जूनच्या भरवशावर राहिलेल्यांना तयारीला वेळ मिळाला नाही.

पण त्याच पाण्याखाली गेलेल्या जमिनीतून गांडुळे आणि कीटक बाहेर येतात, गवत आणि पिकांचे अवशेष कुजून सूक्ष्म जीवांची भरभराट होते, आणि मासे खाण्यासाठी काठाकडे येतात. गळ टाकणाऱ्याला हे पक्के ठाऊक असते: चढत्या पाण्यात मासा काठाला लागतो, उतरत्या पाण्यात तो खोलात ओढला जातो आणि गळाला तोंड लावत नाही. शेतकऱ्याच्या दृष्टीने जे बुडाले, ते माशाच्या दृष्टीने वाढलेले ताट असते. यालाही मर्यादा आहेतच. बुडालेल्या पिकावर रासायनिक खते आणि कीटकनाशके पडलेली असतील, तर तीही पाण्यात उतरतात. उघड्या जमिनीवर माजलेली वेडी बाभूळ पाण्याखाली गेली की लहान माशांना आसरा देते आणि मासेमाराची जाळी फाडते.

‘मग पातळी स्थिरच का ठेवत नाहीत?’

एक कारण उघड आहे. धरण पावसाळ्यातील पाणी उन्हाळ्यात वापरण्यासाठी बांधलेले असते आणि वापरले की पातळी उतरणारच. कोणी थेंबही वापरला नाही तरी ती उतरेल. उन्हाळ्यात दिवसाला अर्धा सेंटिमीटर बाष्पीभवन धरले आणि पाण्याचा विस्तार दोनशे चौरस किलोमीटर मानला, तर महिन्याला एक टीएमसी पाणी हवेत जाते.

दुसरे कारण असे की स्थिर पातळी माशांनाही नको असते. वर सांगितल्याप्रमाणे त्यांची वीण आणि पिल्लांची वाढ पावसाळ्यातील चढत्या पाण्याशी बांधलेली आहे. चढ-उतार नैसर्गिक नदीतही होते. धरणामुळे त्यांची वेळ आणि वेग बदलले. समजा, कालवे आणि नदी मिळून नऊ हजार क्यूसेक पाणी सोडले, तर दिवसाला पाऊण टीएमसीहून थोडे अधिक पाणी जाते आणि पातळी सुमारे आठ सेंटिमीटर उतरते. शंभरास एक उताराच्या काठावर पाणी रोज आठ मीटर मागे जाते. तेवढेच पाणी तिप्पट दिवसांत सोडले, तर मोटार हलवणाऱ्याला श्वास घ्यायला वेळ मिळतो आणि उथळ डबक्यांत पिल्ले अडकण्याचे प्रमाण घटते. मात्र कालव्याच्या शेवटच्या टोकापर्यंत पाणी पोहोचण्यासाठी प्रवाहाला जोर लागतो. फार हळू सोडलेले पाणी वाटेतच मुरते. त्यामुळे ‘हळू सोडा’ ही मागणी काठावर जितकी सोपी वाटते, तितकी पुच्छभागातील शेतकऱ्याला वाटत नाही.

नदीत सोडायच्या पाण्याचीही हीच गोष्ट आहे. सोलापूर शहराच्या पिण्यासाठी किंवा वारीच्या वेळी पंढरपूरला चंद्रभागेत पाणी सोडायचे असेल, तर तारीख ठरलेली असते, ती माशांच्या सोयीने पुढेमागे करता येत नाही.

‘गाळ काढला की दोघांचेही भागेल’

ऐकायला हा उपाय उत्तम वाटतो. प्रमाण मात्र पाहावे लागेल. एक टीएमसी जागा मोकळी करायची तर सुमारे २ कोटी ८३ लाख घनमीटर गाळ काढावा लागेल. एका टिपरमध्ये दहा घनमीटर गाळ धरला तरी २८ लाख खेपा होतात. गावतळ्यांसाठी गाळ काढून शेतात टाकणे फायद्याचे ठरते, तसेच गाळपेराच्या काठावर स्थानिक पातळीवर ठरू शकते, पण संपूर्ण उजनीची पातळी त्याने बदलणार नाही. शिवाय उथळ, गाळाचे काठ हीच पिल्लांची आणि भिगवण-कुंभारगावच्या रोहित पक्ष्यांची खाण्याची जागा आहे. हिवाळ्यात त्या पक्ष्यांना पाहायला येणाऱ्यांना होडीतून फिरवून अनेक मासेमार चार पैसे मिळवतात, आणि पाणी फार उंच राहिलेल्या वर्षी चिखलपट्टे उघडे पडायला उशीर होतो, म्हणून पक्षीही उशिरा येतात.

पाणीवाटपाच्या कागदावर मासा

आवर्तने किती आणि केव्हा द्यायची, हे कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरते. तिथे मागणी हेक्टर आणि टीएमसीत मांडली जाते: इतके क्षेत्र, इतके पाणी. मासा पाणी संपवत नाही, त्यामुळे या तक्त्यात त्याच्यासाठी रकाना तयार होत नाही. गाळपेर करणारा शेतकरीही पाणी मागत नाही, तो पाणी उतरण्याची तारीख मागतो, आणि तारखेची मागणीही टीएमसीत लिहिता येत नाही. माझ्या मते या दोघांची खरी अडचण इथे आहे, आणि ती परस्परांशी असलेल्या भांडणापेक्षा मोठी आहे.

यासाठी जादा पाणी लागेल असेही नाही. आवर्तनाची तारीख आणि दिवसाला पातळी साधारण किती सेंटिमीटर उतरेल, हे काठावरच्या गावांत आठवडाभर आधी कळवता येते. मत्स्यबीज सोडायचे असेल तर ते जलाशय भरत असताना किंवा भरल्यावर सोडता येते, म्हणजे उतरत्या पाण्यात बोटुकली उथळ खड्ड्यांत अडकणार नाहीत. उन्हाळ्यात शेवटी उरणाऱ्या खोल डोहांपैकी काही डोह जाळ्यांपासून राखून ठेवता येतात, जेणेकरून जुलैत पूर आल्यावर वीण करायला मोठे मासे शिल्लक राहतील. यातील शेवटची गोष्ट सर्वांत अवघड आहे, कारण मे महिन्यात ज्या डोहात मासा असतो, त्याच डोहापर्यंत चारी खोदून मोटारीही आलेल्या असतात.